फादर मॅतेओ रिची आणि चिनी भाषेचे सूर

ज्याचा कान तयार असतो त्याला परकी भाषा लवकर येते, असें आपण पुष्कळदां ऐकतों. शाळेच्या संमेलनांत जो मुलगा पद गोड म्हणतो तोच इंग्रजी उताराही ठसक्यांत वाचतो, हें पाहिलें म्हणजे ही समजूत खरीही वाटूं लागते. परंतु भाषांत पहिला येणारा आणि सुरांत एक ओळही न गाणारा विद्यार्थी आपल्यापैकीं प्रत्येकाच्या ओळखीचा असतो. मग संगीताचा आणि परभाषेचा संबंध आहे तरी केवढा? या प्रश्नाचा विचार करूं लागलों म्हणजे मला एका इटालियन पुरुषाचें चरित्र आठवतें. संगीतज्ञ म्हणून त्यांची ख्याति नव्हती. तथापि चिनी भाषा स्वतः शिकून ती दुसऱ्यास शिकविण्याजोगी करण्याचें जें काम त्यांनीं हातीं घेतलें, तें एका संगीतज्ञ सोबत्याच्या कानावांचून पुरें झालें नसतें. ते पुरुष म्हणजे फादर मॅतेओ रिची.

रिची यांचा जन्म ६ ऑक्टोबर १५५२ रोजीं इटलींतील माचेराता या गांवीं झाला. वडिलांचा धंदा औषधें विकण्याचा होता. मुलानें कायदेपंडित व्हावें या इच्छेनें त्यांनीं त्यास १५६८ सालीं रोमला धाडिलें. परंतु कायद्याचा अभ्यास अर्धवट टाकून १५ ऑगस्ट १५७१ रोजीं मुलगा येशूसंघांत दाखल झाला. संघाच्या रोमन कॉलेजांत त्यांना क्लॅव्हियस यांच्यासारखा गणिताचा गुरु लाभला. १५८२ च्या पंचांगसुधारणेंत ज्यांचा प्रमुख भाग होता तेच हे क्लॅव्हियस. याच सुमारास रिची यांनीं स्मरणाची एक जुनी कला अंगीं बाणविली. मनांत एक वाडा उभारावयाचा, त्याच्या दालनांत ठिकठिकाणीं चित्रें मांडावयाचीं, आणि लक्षांत ठेवावयाची प्रत्येक गोष्ट एकेका चित्राच्या हवालीं करावयाची, अशी ती कला. हवी ती गोष्ट आठवण्यासाठीं त्या वाड्यांतून नुसता फेरफटका करावा. ही विद्या डोळ्यांची आहे, कानांची नव्हे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें; पुढें त्याचा उपयोग होईल.

१५७८ च्या मार्च महिन्यांत लिस्बनहून निघालेलें त्यांचें जहाज १३ सप्टेंबरला गोव्यास लागलें. गोव्यांत व कोचीनमध्यें मिळून त्यांचीं साडेतीन वर्षें गेलीं. तेथें त्यांनीं ईश्वरविद्येचा अभ्यास केला, मुलांस लॅटिन व ग्रीक शिकविलें, आणि १५८० सालीं कोचीन येथें धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली. या मुक्कामांतील एक गोष्ट त्यांच्या स्वभावावर प्रकाश पाडणारी आहे. गोव्याच्या कॉलेजांत हिंदी विद्यार्थ्यांस तत्त्वज्ञानाचा वरचा अभ्यासक्रम शिकवूं नये, शिकून ते गर्विष्ठ होतील, असें कांहीं वरिष्ठांचें मत पडलें. रिची यांनीं १५८१ सालीं रोमला पत्र लिहून या मताचा उघड निषेध केला. त्यांचें वय त्या वेळीं एकोणतीस होतें. याच काळांत, १५७९ च्या ऑक्टोबरांत, थॉमस स्टीफन्स नांवाचा एक इंग्रज जेझुइट गोव्यास उतरला. आपल्या भाषेंत सुमारे ११,००० ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचणारे ते हेच. एकाच संघाचे हे दोघे तरुण थोड्या अंतरानें एकाच बंदरांत उतरले. त्यांपैकीं एक मराठीच्या ओवीकडे वळला, आणि दुसऱ्याच्या वांट्यास चिनी भाषा आली.

रिची ऑगस्ट १५८२ मध्यें मकावला पोहोंचले. त्यांच्याआधीं तीन वर्षें तेथें आलेले फादर मिकेले रुज्जेरी चिनी शिकण्याची खटपट करीत होते. चीनमध्यें शिरावयाचें तर प्रथम तेथील भाषा नीट शिकली पाहिजे, असा संघाचे वरिष्ठ वालिन्यानो यांचा आग्रह होता. या भाषेनें रिची यांना पहिल्या कांहीं महिन्यांतच चकित केलें. १५८३ च्या फेब्रुवारींत आपल्या एका जुन्या शिक्षकास लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं कळविलें कीं ही भाषा ग्रीकसारखीही नाहीं आणि जर्मनसारखीही नाहीं. एकाच ध्वनीचे असंख्य अर्थ होतात, आणि पुष्कळदां त्यांच्यांतील भेद आवाज उंच अथवा खालीं नेण्यानेंच कळतो. असे चार भेद आहेत, असेंही त्यांनीं नमूद केलें.

हा आवाजाचा भेद म्हणजे काय हें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. आजच्या पेकिंगच्या बोलींतील उदाहरण घ्या. ‘मा’ हा ध्वनि उंच व सपाट सुरांत उच्चारला तर त्याचा अर्थ आई. खालून वर चढविला तर वाखाचें झाड. खालीं बुडवून पुन्हां उचलला तर घोडा. आणि वरून एकदम खालीं टाकला तर रागें भरणें. आपणही प्रश्न विचारतांना आवाज चढवितों, परंतु त्यामुळें शब्दाचा कोशांतील अर्थ बदलत नाहीं. चिनी भाषेंत मात्र सूर हा क किंवा आ यांच्यासारखाच शब्दाचा अवयव आहे. शिवाय हा सूर बांधलेला नसतो. पुरुषाचा आवाज खर्जांतला, मुलाचा टिपेचा. तरी दोघांचा ‘घोडा’ घोडाच राहतो. गाणारा काळी एकचा सूर धरो कीं पांढरी चारचा, रागाची ओळख बदलत नाहीं, तसाच हा प्रकार. ऐकणाऱ्यानें सुराची उंची मोजावयाची नसते. त्याची चाल, त्याचा चढ-उतार ओळखावयाचा असतो.

यांतच दुसरी एक अडचण होती. चिनी भाषेंत प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांसारखे अल्पप्राण-महाप्राणांचे भेद आहेत. आपल्याकडील मूल हे भेद अंकलिपीबरोबर शिकतें, आणि त्याला त्यांत कांहीं विशेष वाटत नाहीं. परंतु इटालियन व पोर्तुगीज भाषांत असा भेद नसल्यामुळें तो रिची व रुज्जेरी यांच्या कानांस सहज जाणवेना. मला अनेकदां असें वाटतें कीं, कोंकणांतला एखादा पोरगा त्यांच्याबरोबर मकावला गेला असता तर या निम्म्या कामांत तोच त्यांचा पंतोजी झाला असता. सुरांच्या बाबतींत मात्र तोही त्यांच्याइतकाच चांचपडला असता. कोंकणांतील वेदपाठी ब्राह्मणाची गोष्ट कदाचित् निराळी झाली असती. उदात्त, अनुदात्त, स्वरित यांची सवय असलेल्या आणि अक्षराखालीं आडवी व अक्षरावर उभी रेघ पाहून आवाज हलविणाऱ्या माणसास, अक्षराला सूर असूं शकतो ही कल्पनाच नवी वाटली नसती.

सप्टेंबर १५८३ मध्यें रिची व रुज्जेरी यांना चाओचिंग या गांवीं राहण्याची परवानगी मिळाली. दोन वर्षांतच रिची यांनीं दुभाष्या सोडला. लिपीच्या बाबतींत तर त्यांची प्रगति विलक्षण होती. स्मरणाच्या त्या वाड्यांत एकेक चिनी अक्षर आपोआप चित्र होऊन बसे. पुढें १५९५ सालीं नानचांग येथील विद्वानांच्या एका मेजवानींत त्यांनीं क्रम सोडून लिहिलेलीं पुष्कळ अक्षरें एकदां वाचलीं, आणि मग तीं सारीं तोंडपाठ, प्रथम सरळ व नंतर उलट क्रमानें म्हणून दाखविलीं. सरकारी परीक्षांसाठीं हजारों ओळी पाठ करणारे ते विद्वान् थक्क झाले. याच वर्षीं त्यांनीं मैत्रीवरील आपलें छोटें पुस्तक चिनींत रचलें. म्हणजे संगीताच्या विशेष शिक्षणावांचूनही बुद्धिमान् व चिकाटीच्या मनुष्यास ही भाषा साध्य झाली, हें कबूल केलेंच पाहिजे. संगीत नाहीं म्हणून परभाषा नाहीं, असें म्हणणाऱ्यास रिची यांचें उदाहरण पुरेसें उत्तर आहे.

परंतु रिची यांना जें साधलें तें त्यांच्यापाशींच राही. १५८९ सालीं चाओचिंग सोडावें लागल्यावर ते शाओचौ येथें राहिले. तेथें त्यांचे सोबती फादर अल्मेदा १५९१ सालीं वारले. त्यांच्या जागीं आलेले फादर दे पेत्रीस यांना रिची यांनीं मेहनतीनें भाषा शिकविली. ते १५९३ सालीं गेले. दोन वर्षांत दोन सोबती, आणि त्यांच्याबरोबर त्यांचें सारें भाषाज्ञानही मातींत गेलें. नव्या माणसास पुन्हां अक्षरापासून आरंभ. प्रत्येकजण ऐकलेला शब्द आपल्याला जमेल तसा रोमन अक्षरांत टिपून घेई. एकाचें टिपण दुसऱ्याच्या उपयोगीं पडत नसे. डोळ्यांची विद्या कागदावरून शिकवितां येई, कानाची कागदावर उतरत नव्हती. हातावर मोजतां येतील इतक्या माणसांनीं चालविलेल्या या कार्याचा जीव या एका गोष्टींत अडकला होता.

१५९४ सालीं शाओचौ येथें लाझारो कात्तानेओ नांवाचे नवे सोबती येऊन मिळाले. इटलींतील सार्झाना येथें १५६० सालीं जन्मलेले कात्तानेओ हे चांगले संगीतज्ञ होते. १५९८ मध्यें रिची व कात्तानेओ प्रथम पेकिंगला गेले. त्या सुमारास जपानी सैन्य कोरियांत घुसून चीनशीं लढत असल्यामुळें परकीयांविषयीं राजधानींत मोठा संशय होता. दोन महिने थांबूनही कांहीं निष्पन्न होईना. नोव्हेंबरांत निराश होऊन मंडळी कालव्याच्या मार्गें परत निघाली. थंडी वाढत होती, बोट संथ चालली होती, आणि लिनचिंगपर्यंत पोहोंचावयास सुमारें एक महिना लागला.

या रिकाम्या महिन्यांत, बोटींत बसून, त्यांनीं चिनी भाषेचा शब्दकोश व्यवस्थित रचला. रिची यांना भाषेचा पंधरा वर्षांचा अनुभव होता. मकावचे चिनी बंधु चुंग मिंगरेन यांस, ज्यांचें ख्रिस्ती नांव सेबास्तियन फर्नांदेस, शब्दांचा उच्चार जन्मतःच अवगत होता. आणि कात्तानेओ यांचें काम ऐकण्याचें. शब्द पुन्हां पुन्हां उच्चारावयाचा, आणि त्यांनीं तो कोणत्या सुराचा तें ठरवावयाचें. रिची यांनीं पहिल्या वर्षीं चार म्हणून सांगितलेले भेद त्यांनीं पांच ठरविले. यांतील पांचवा आंखूड, तुटका सूर आजच्या पेकिंगच्या बोलींत नाहीं. त्या पांचांस रोमन अक्षरांच्या डोक्यावर द्यावयाचीं पांच चिन्हें त्यांनीं योजिलीं: आडवी रेघ, टोपी, दोन बाजूंस कललेल्या दोन तिरप्या रेघा, आणि अर्धचंद्र. महाप्राणासाठीं एक लहान चिन्ह निराळें. यापुढें सर्वांनीं शब्द याच रीतीनें लिहावे, मनास येईल तसे लिहूं नयेत, असा दंडक रिची यांनीं घालून दिला. संघाच्या चीनमधील कार्याचे ते १५९७ पासून प्रमुख होते, म्हणून तो दंडक चालला.

येथें थोडें थांबून पाहूं. कात्तानेओ यांना रिची यांच्यापेक्षां चिनी अधिक येत होती काय? मुळींच नाहीं, ते त्या भाषेंत रिची यांचे शिष्यच शोभतील. परंतु संगीताच्या शिक्षणानें त्यांना एक सवय लावली होती. कानावर पडलेल्या आवाजाची उंची व चाल अर्थापासून वेगळी काढावयाची आणि तिला नांव द्यावयाचें, ही ती सवय. गायनाच्या वर्गांत शिक्षक पेटीवर सूर धरून विद्यार्थ्यास तो कोणता म्हणून विचारतो, तेव्हां हेंच करवीत असतो. २००७ सालीं अमेरिकेंतील नॉर्थवेस्टर्न विश्वविद्यालयांत झालेल्या एका प्रयोगांत, चिनी मुळींच न येणाऱ्या कांहीं वाद्य शिकलेल्या व कांहीं न शिकलेल्या इंग्रजीभाषी लोकांना चिनी सुरांचा एक शब्द ऐकविला. त्यांच्या मेंदूच्या देठांत उठणारे विद्युत्तरंग मोजतां, सुराची चाल वाद्य शिकलेल्यांत अधिक हुबेहूब उमटलेली आढळली. अर्थात् असा प्रयोग कानापुरताच बोलतो. शब्दांचा सांठा, वाक्याची रचना, समोरच्याच्या मनाची ओळख, हीं संगीत देत नाहीं. तीं रिची यांनीं जशीं मिळविलीं तशींच मिळवावीं लागतात.

आणि शिकलेल्या कानालाही शेवटीं त्याची जन्मभूमि असते. १५९९ सालीं नानकिंग येथें स्वर्गाच्या पूजेसाठीं चालणाऱ्या राजवाद्यांची तालीम पाहण्याचा योग रिची यांना आला. कांशाच्या घंटा, दगडी पट्ट्या, ढोल, बांसऱ्या, तंतुवाद्यें, सर्व कांहीं त्यांनीं बारकाईनें टिपलें आहे. परंतु तो एकंदर नाद त्यांना कर्णकटु व बेसूर वाटला. प्राचीनांची खरी कला लोपली आणि वाद्यें तेवढीं उरलीं, असें चिनी लोकच सांगतात, अशी पुस्तीही त्यांनीं जोडली आहे. पॅलेस्ट्रीना यांच्या काळांतील रोममध्यें वाढलेल्या पुरुषाला अनेक कंठ निरनिराळ्या सुरांत एकदम गातात व तरी मेळ बसतो, तेंच संगीत. ज्यांनीं चिनी विद्या, चिनी वेष, चिनी शिष्टाचार मनापासून आपलेसे केले, त्यांचा कान मात्र या एका ठिकाणीं रोमलाच राहिला, असें मला वाटतें. आपलें संगीत प्रथम ऐकणाऱ्या युरोपियनांनींही असेच शेरे पुष्कळ मारिले आहेत.

पुढील हकीकत अधिक गमतीची आहे. पेकिंगच्या दुसऱ्या प्रवासासाठीं बादशहास द्यावयाच्या नजराण्यांत घड्याळें व चित्रें यांबरोबर क्लॅविकॉर्ड नांवाचें वाद्य होतें. दिसावयास पेटीसारखें, परंतु आंत भात्याऐवजीं तारा. पट्टी दाबली कीं धातूची लहान पात तारेस लागून मंजुळ आवाज निघतो. हें वाद्य वाजविणारा कोणी तरी बरोबर हवा, म्हणून रिची यांनीं दिएगो दे पांतोहा या तरुण स्पॅनिश धर्मगुरूस नानकिंगमध्यें कात्तानेओ यांच्या हाताखालीं बसविलें. २४ जानेवारी १६०१ रोजीं मंडळी पेकिंगांत शिरली. वानली बादशहाचें दर्शन त्यांना कधींच झालें नाहीं. परंतु वाद्य दरबारांत पोहोंचलें, आणि तें शिकण्यासाठीं राजवाड्यांतील चार खोजे वादक नेमले गेले. पांतोहा रोज त्यांना शिकवावयास जात. तरुण होते ते लवकर शिकले, वडील मागें राहिले. सर्वांचें होईपर्यंत महिन्यावर काळ लोटला, आणि प्रत्येकानें एकेक गत बसविली. मग त्या वादकांस भीति पडली कीं, बादशहानें गाण्याचे शब्द विचारले तर सांगावें काय?

तेव्हां रिची यांनीं स्वतः चिनी भाषेंत आठ लहान गीतें रचून दिलीं. एकांत टेंकडीवर भटकणारा गुराखी आहे. एकांत पुढें व मागें अशा दोन झोळ्या खांद्यावर टाकून चालणारा मनुष्य आहे. शेवटचें कोणालाही न सोडणाऱ्या मृत्यूविषयीं आहे. सुरांसाठीं ज्यांना दुसऱ्याच्या कानाची मदत घ्यावी लागली त्यांनीं परक्या भाषेंत राजवाड्यासाठीं गीतें लिहावीं, आणि तीं विद्वानांनीं उतरवून घ्यावीं, हें पाहून मला तर फार कौतुक वाटतें. शब्द आज आपणांस उपलब्ध आहेत, चाली नाहींत.

शेवटचीं नऊ वर्षें रिची पेकिंगांतच राहिले. १६०२ सालीं त्यांचा पृथ्वीचा मोठा चिनी नकाशा निघाला. १६०७ सालीं श्यू ग्वांगची या विद्वान् मित्राच्या साह्यानें युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग त्यांनीं चिनींत आणिले. भेटावयास येणाऱ्यांची रीघ आणि कामाचा भार यांनीं थकून ११ मे १६१० रोजीं, वयाच्या सत्तावनाव्या वर्षीं, त्यांनीं देह ठेवला. बादशहानें त्यांच्या दफनासाठीं राजधानीच्या वेशीबाहेर जमीन दिली. परकी पाहुण्यास असा मान मिळणें ही त्या काळीं असाधारण गोष्ट होती. कात्तानेओ त्यांच्यामागें तीस वर्षें जगले व १६४० सालीं हांगचौ येथें वारले. त्या बोटीवर ठरलेल्या पांच चिन्हांची पद्धति फादर त्रिगो यांनीं १६२६ सालीं तीन भागांच्या एका ग्रंथांत विस्तारानें मांडिली. पाश्चात्य विद्वानांच्या कानांस व डोळ्यांस साहाय्य, असा त्या ग्रंथाच्या नांवाचा अर्थ आहे.

१९३४ सालीं रोम येथील येशूसंघाच्या दप्तरांत एक जुनें हस्तलिखित सांपडलें. रुज्जेरी व रिची यांनीं चाओचिंगच्या दिवसांत जुळविलेला हा पोर्तुगीज-चिनी शब्दकोश. त्यांत तीन रकाने आहेत: पोर्तुगीज शब्द, त्याचा चिनी उच्चार रोमन अक्षरांत, आणि चिनी लिपि. उच्चाराच्या रकान्यांत कोठेंही सुराचें चिन्ह नाहीं. महाप्राणही नीट दाखविलेला नाहीं. वीसएक वर्षांनंतर, १६०६ च्या सुमारास, रिची यांनीं आपल्या एका शाईच्या व्यापारी मित्रास त्याच्या चित्रसंग्रहासाठीं चिनी मजकूर रोमन उच्चारांसह लिहून दिला. त्याचीं पानें छापलेलीं आहेत. त्यांत एकेका अक्षरावर आडवी रेघ, टोपी, तिरपी रेघ किंवा अर्धचंद्र दिसतो.